दुखणं : शून्य

गुडघ्याची झिजलेली कूर्चा पुन्हा वाढावी म्हणून ती सहा वर्षं एका इंजेक्शनवर खपत होती. चाचणीला माणसं मिळेनात, तेव्हा आईनेच ओळखीपाळखीतल्या बारा जणी गोळा करून आणल्या. तीन महिन्यांनी बाराही जणींनी फॉर्मवर दुखण्यापुढे शून्य लिहिलं, आणि तिला आकाश ठेंगणं झालं.

आज कोणाला काय दिलं होतं त्याची सीलबंद यादी उघडली. त्यातल्या सहा जणींना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलेलं होतं.

घरी येऊन ती मटकन खाली बसली. आई हातातलं काम टाकून धावत आली.


"काय गं, कोणी दुखतंय म्हणून लिहिलं की काय? एकेकीला बजावलं होतं मी, कितीही कळ आली तरी माझ्या लेकीचं काम फसता कामा नये!"