चाळीस वर्षांचा सराव

प्राध्यापकांनी चाळीस वर्षं सुखदुःखात अविचल राहायला सांगणारं स्टोइक तत्त्वज्ञान शिकवलं आणि त्यातला एक सराव घरीही नेमाने केला. रोज सकाळी चहाचा पहिला घोट घेण्याआधी ते बायकोकडे पाहून म्हणत, "ही मर्त्य आहे. आजही जाऊ शकते." हेतू एवढाच, की वेळ आलीच तर दुःखाने आपल्याला गाफील गाठू नये.

बायको श्रद्धावान ख्रिस्ती. ती जपमाळ बाजूला ठेवून हसे. "जाईन हो, पण आधी चहा तर पिऊ द्या. आणि वर गेले की शेजारची जागा धरून ठेवीन तुमच्यासाठी."

"वर काहीही नाही."

"मग तर बरंच. सगळं रिकामंच असेल, तर जागा धरायला कितीसा वेळ लागतोय?"

परवा ती गेली.

आज चर्चमध्ये, शवपेटीसमोरच्या पहिल्या बाकावर, प्राध्यापक ताठ बसले होते. डोळ्यांत टिपूस नव्हतं. फादर पुनरुत्थानावर बोलत होते आणि प्राध्यापक त्यांच्या युक्तिवादातल्या चुका मनातल्या मनात मोजत होते. तिसरीपर्यंत पोचले होते. उशिरा आलेला एक जुना विद्यार्थी वाकून कुजबुजला, "सर, धन्य आहे तुमची! शिकवलंत तसं जगून दाखवलंत." चर्च खचाखच भरलं होतं. त्याने प्राध्यापकांच्या शेजारी बोट दाखवलं. "इथे टेकू का जरा?"

तिथे घडी घालून ठेवलेल्या आपल्या मफलरवर प्राध्यापकांनी तळहात दाबला.

"दुसरीकडे बघ," ते म्हणाले. "ही जागा धरलेली आहे."