आभारपत्रं

शाळांसाठी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका कौंटीने, म्हणजे जिल्ह्याने, विक्रीकर वाढवला. त्यातून कमिशनर हॉइट यांच्या कचेरीला संगमरवरी पायऱ्या झाल्या, पोलिसप्रमुख शेरीफला नव्या गाड्या मिळाल्या आणि शाळेच्या वाट्याला आला फलक: 'तुमचा कर, तुमची शाळा'.

फलकाच्या उद्घाटनाला आलेले हॉइट तिसरीच्या वर्गात डोकावले. "वर्नेलबाई, मुलांकडून आभाराची पत्रं लिहून घ्या की. पेपरात छापून आणू."

"साहेब, वर्गातला कागद कधीच संपलाय."

"मग आणा विकत! तेवढाच करही भराल," म्हणत ते खो खो हसले. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.



दुसऱ्या दिवशी हॉइट यांच्याच निवडणूक पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली पत्रं पोचली: "साहेब, कागद दिल्याबद्दल आभार."