तयार वाक्यं

एर्सिलियानं फोन हातात घेतला, चष्मा नाकावर चढवला आणि पडद्यावरची ओळ वाचली. मग आल्बानोकडे पाहिलं आणि पुन्हा फोनकडे.

"बैठक रद्द झाली आहे," ती ओठ नीट हलवत म्हणाली. "कसली बैठक रे?"

"तेच तर विचारायला आलोय," आल्बानोनं हातांनी सांगितलं.

आल्बानो जन्मापासून बहिरा. सांव ज्वांव दा मादैरा गावातल्या टोप्यांच्या कारखान्यात त्यानं एकतीस वर्षं लोकर दाबून टोप्यांचा जाड नमदा केला होता. एर्सिलिया त्याच्या बायकोची धाकटी बहीण. कारखान्यासमोर तिचं कॉफीचं दुकान होतं. देओलिंदाताईच्या लग्नापासूनच तिला त्याच्या हातांची भाषा येत होती. ताईला जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

"तू टेल्मोला काय विचारलं होतंस?"

"रविवारी अकराला आईच्या वर्षश्राद्धाची प्रार्थना आहे, येशील ना, असं."

एर्सिलिया कपबशा पुसू लागली.

फोन मुलानंच, टेल्मोनं, आणला होता, आईला पुरल्यानंतरच्या आठवड्यात. एक बापासाठी, हुबेहूब तसाच एक स्वतःसाठी. असे मुठीत मावणारे फोन तेव्हा नुकतेच जो तो घेऊ लागला होता. "हा तुझ्यासाठी वाजणार नाही बाबा, थरथरेल," टेल्मोचे हात भराभर हलत होते. "सदऱ्याच्या खिशात ठेव. छातीला कळेल." एका निरोपात एकशे साठ अक्षरं. फोनात दहा निरोपांची जागा. अकरावा यायचा तर आधीचा एक पुसायचा. साठ वर्षांचा आल्बानो तीन दिवसांत सगळं शिकला. आयुष्यात पहिल्यांदाच दूरचं माणूस त्याच्याशी बोलत होतं.

टेल्मो लिस्बनला जुन्या इमारतींना चुन्याचा गिलावा करायचा. रोज लिहायचा. मुकादमाच्या नकला, शेजारणीच्या मांजराची भांडणं, काहीबाही. शुद्धलेखनाची बोंब होती, पण आल्बानो वाचून स्वयंपाकघरात एकटाच हसायचा. त्यातले नऊ निरोप त्यानं जपून ठेवले होते. नवे निरोप उरलेल्या एकाच जागेत यायचे आणि पुसले जायचे.

जानेवारीत काहीतरी बिघडलं. "सगळं ठीक आहे," एवढंच आलं. दुसऱ्या दिवशी, "कामात आहे. नंतर कळवतो." मग पुन्हा "सगळं ठीक आहे." त्यात एक वेलांटीही चुकलेली नव्हती. घरी यायचंही त्यानं बंद केलं.

"आल्बानो, रागावू नकोस," एर्सिलिया अखेर म्हणाली. तिनं गल्ल्याशेजारचा स्वतःचा फोन उघडला आणि त्याच्यासमोर धरला. "हे त्यानं लिहिलेलं नाही. बघ, माझ्यातही आहे."

ओळीनं दहा वाक्यं होती. उशीर होईल. घरी आहे. कामात आहे, नंतर कळवतो. सगळं ठीक आहे. बैठक रद्द झाली आहे.

"कंपनीनंच भरून दिलीत. हवं ते निवडायचं, बटण दाबायचं, गेलं. सवय झाली की बघावंही लागत नाही. लिहायचे कष्ट नकोत म्हणून."

आल्बानोनं फोन तिच्याकडे परत सरकवला. "बापाला लिहायचे कष्ट?"

"मी फोन केला तर उचलतही नाही. अरे, कुणी पोरगी भेटली असेल! मग बापाला अशीच वाक्यं येणार."

"मग तिलाही घेऊन ये म्हणावं प्रार्थनेला." त्याचे हात जरा जोरातच हलले. "मुलगा माझा आहे की कंपनीचा?"

रविवारी देवळात त्यानं शेजारची जागा राखून ठेवली. ती शेवटपर्यंत रिकामीच राहिली. पाद्री देओलिंदाचं नाव घेत असताना छातीवर थरथर झाली. आल्बानोनं तिथंच, सगळ्यांच्या देखत फोन काढला.

"सगळं ठीक आहे."

बाहेर आल्यावर पायरीवर बसून त्यानं जपलेले नऊही निरोप एकेक करून पुसले. मांजराचं भांडण पुसताना अंगठा क्षणभर थांबला. मग तेही गेलं.

सोमवारी सकाळी तो लिस्बनच्या बसमध्ये बसला. एर्सिलियानं मक्याची भाकरी आणि सॉसेज बांधून दिलं होतं. "आधी पोराला खायला घाल," तिनं खिडकीच्या काचेतून ओठांनी बजावलं, "मग काय भांडायचं ते भांड."

वाटभर तो मांडीवर हात हलवत आपलं बोलणं जुळवत होता. शेजारचा प्रवासी उठून दुसरीकडे जाऊन बसला.

टेल्मोची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आल्बानोनं घंटेचं बटण दाबलं. ती वाजली की नाही हे त्याला कधीच कळत नसे, म्हणून दारावरही मूठ आपटली. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

टेल्मो वाळला होता. दाढी अर्धवट केलेली. भर दुपारी आत खिडक्या बंद होत्या. बाप समोर उभा असूनही त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

आल्बानोला आता धीर धरवेना. पिशवी खाली ठेवून त्यानं हात उचलले.

"आईच्या प्रार्थनेलासुद्धा तुला वेळ नाही? बैठक रद्द झाली म्हणून कळवतोस? तीन महिने मी विचारतोय, जेवलास का, बरा आहेस का, आणि तू मला दुकानातली वाक्यं विकतोस? नको असेन तर तसं सांग. तोंडावर सांग, मी परत जातो. पण तुझ्या आईनं या हातांची भाषा तुला बोलण्याआधी शिकवली होती रे! एक शब्द तरी स्वतःचा दे मला!"

त्याचे हात थांबले. त्यानं वाट पाहिली.

टेल्मो तसाच उभा होता. नजर बापाच्या खांद्यावरून पलीकडे जिन्याकडे, पापण्यांभोवती चुन्यानं भाजल्याचे जुने डाग. मग त्यानं चौकट घट्ट धरली, मान किंचित कलती केली, आणि त्याचे ओठ हलले. आल्बानोनं ते वाचले.

"कोण आहे? बोला ना... कोण आलंय?"