शिळं पाणी

मुलुंडच्या सोसायटीनं घरटी मीटर बसवले, तेव्हापासून सुबोध आणि त्याची आई, अशा दोनच माणसांचं पाण्याचं बिल शेजारच्या सहाजणांच्या दुप्पट यायला लागलं. प्लंबरनं हात टेकले, "साहेब, थेंबाचीही गळती नाही." शेवटी सुबोध रजा टाकून घरी बसला. नऊ वाजता आईनं बादल्या, हंडा, कळशी, सगळं मोरीत रिकामं करून घासलं, पुन्हा भरलं. चाळीतली जुनी सवय. कालचं पाणी शिळं म्हणायची ती. सुबोध हसला. पण दहाला सगळं पुन्हा ओतलं, भरलं. अकराला पुन्हा. बाराला तिनं कळशी उचलली, तसा तो ओरडलाच, "अगं आई, आत्ताच भरलंस ना!" आई बघतच राहिली. "काहीतरीच काय रे? सकाळपासून पाण्याला हात तरी लावलाय का मी?" म्हणत तिनं हात पुढे केले. बोटं पाण्यानं पांढरीफटक पडून सुरकुतली होती.