भोपळ्याचा शेवटचा बहर

उन्हाळा सरत आला. टोमॅटो, वांगी कधीच आटपली, पण आमच्या ह्यांचा भोपळ्याचा वेल काही थांबायचं नाव घेईना. पानं पिवळी पडली, तरी रोज सकाळी वेलाखाली एक-दोन भोपळे देठापासून सुटून पडलेले असायचेच. "खताची कमाल आहे गं!" म्हणत हे ते उचलायचे आणि दुपारी गल्लीत वाटून यायचे. समोरचे मास्तर, कोपऱ्यावरचे शिंपीकाका तोंड भरून कौतुक करायचे. शेजारच्या वहिनी तर आपली फुलाफुलांची पिशवीच पुढे करायच्या. मग काय, हे हरभऱ्याच्या झाडावर चढूनच घरी परतायचे. माझ्या स्वयंपाकघरात मात्र भोपळ्याला केव्हाच बंदी झाली होती.

काल संध्याकाळी शेवटी मीच हट्टाला पेटले. "पुरे झालं आता! उद्या तुम्हाला बघून लोक दारं लावून घेतील."

ह्यांनी तोंड पाडून वेल मुळासकट उपटला, वाफा खणून सपाट केला आणि अंधार पडल्यावर हात धुऊन आत आले. "गल्लीला चुकल्याचुकल्यासारखं होणार बघ," एवढंच म्हणाले आणि न जेवताच झोपले.

आज सकाळी ह्यांनी मला हाताला धरून परसात नेलं.

मोकळ्या वाफ्यात तीन भोपळे पडले होते, आणि त्यातला एक अजून फुलाफुलांच्या पिशवीतच होता.