आईचा नेम

दारावर थाप पडली आणि आईच्या हातातली सुई बटणाच्या भोकात तशीच थांबली. बेल असताना दारावर थाप मारणारा एकच होता. आणि त्याला घरात घ्यायचं नाही, हा तिचा या वर्षाचा नेम होता.

नेम तिचा तिनेच केला होता. वर्षाच्या पहिल्या दिवशी, मोडलेला हात गळ्यात अडकवून याच खुर्चीत बसलेली असताना ती लेकीला म्हणाली होती, "वर्षभर त्याला उंबऱ्याच्या आत घेणार नाही." याआधीही असं ठरलं होतं, पण ते नव्याचे नऊ दिवस. पोटचा गोळा दारात उभा राहिला की आतडं तुटायचं आणि कडी आपोआप निघायची. म्हणून या वेळी लेकीने जोडीला आपलाही एक नेम बांधला. वर्षभर चिडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. "तू माझ्यावर लक्ष ठेव, मी तुझ्यावर ठेवते." लेक शाळेत खेळाची शिक्षिका. लक्ष ठेवणं तिच्या हाडीमाशी मुरलेलं.

आज वर्षाचा शेवटचा दिवस. म्हणून ती सकाळीच येऊन बसली होती.

"आई, मी आहे," बाहेरून आवाज आला. "ऐकतेयस ना?"

आई उठली. मांडीवरचा शर्ट खाली पडला.

"बस," लेक हळूच म्हणाली.

"आवाज ऐक त्याचा. जीभ अडखळत नाहीये."

"सकाळी कुणाचीच अडखळत नाही गं."

"आई, काही मागायला नाही आलो. घटकाभर बसतो आणि जातो." मग थोडं थांबून, "ताई आहे का आत? तिच्या चपला दिसतायत."

लेक दाराशी गेली. कडीला हात न लावता दाराला पाठ टेकून उभी राहिली. "आहे मी," ती म्हणाली. आवाज अगदी गोड, मैदानात पडलेल्या मुलाला उठवताना काढतात तसा. "आईला तुला भेटायचं नाहीये. जा तू."

"ते तिला सांगू दे की."

लेकीने आईकडे पाहिलं. "सांग ना. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय तो हलायचा नाही."

आईने मान हलवली. नाही.

"मी चिडलेय का, आई? वर्षभरात एकदा तरी आवाज चढला माझा? मला किती जड गेलं असेल, तूच विचार कर. आणि तू एका दिवसासाठी सगळ्यावर पाणी सोडणार?" ती परत आली आणि आईचा उजवा हात हातात घेतला. मनगट वाकडंच सांधलं होतं. साधं बटण लावायचं तरी आईला आता डाव्या हाताने कापड धरून, सुई पुन्हा पुन्हा सावरावी लागे. लेकीने त्या वर आलेल्या हाडावरून अंगठा फिरवला. "हे काय आपोआप झालं?"

बाहेर तो हसला. "आई जेवू घालीना, ताई भीक मागू देईना!"

रडू आलं की त्याला विनोद सुचायचे, लहानपणापासून. आईला ते ठाऊक होतं. लेकीलाही ठाऊक होतं.

"आई," तो म्हणाला, "तूच सांग. जाऊ का?"

लेकीचा अंगठा हाडावर होता. तिने तो दाबला नाही, नुसता ठेवला.

"जा," आई म्हणाली.

"मोठ्याने बोल. त्याला ऐकू गेलं नसेल."

"जा रे!" आई ओरडली. आपला आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मेलास तू मला! जा!"

बाहेर चपला घासल्याचा आवाज झाला आणि जिन्याशी थांबला.

"शाब्बास!" लेकीने आईला खुर्चीत बसवलं, शर्ट झटकून मांडीवर ठेवला. तिचा चेहरा पोरांनी सामना जिंकल्यावर फुलावा तसा फुलला होता. "केलंस की नाही? उगाच घाबरत होतीस. पास झालो आपण दोघी. आता पुढच्या वर्षीचं ठरवू. तुझे गुडघे धरतात ना, तर रोज सकाळी चालायचं. मी येत जाईन हवं तर. आणि माझ्यासाठी तू सुचव काहीतरी. कर, कर विचार..."

जिन्यावरून धापा टाकत कुणीतरी वर येत होतं. पिशव्या जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. समोरच्या घरातली शेजारीण. तिचं आणि आईचं पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं होतं, तेव्हापासून बोलणं बंद.

"अगं बाई, तू?" शेजारणीचा आवाज आला. "किती वाळलास रे! कधी आलास?"

आईने हात वर करून लेकीला गप्प केलं. पाय न वाजवता ती दाराशी गेली आणि फळीला कान लावला.

"आणि असा पायरीवर काय बसलायस? आई नाही का घरात?"

"आहे की," तो म्हणाला. "झोप लागलीये तिला. म्हटलं, उठवायला नको."