टेपांची पूजा

परदेशात ट्रेनिंग काय घेऊन आले, आमचे वामनराव साहेब भूजल खात्याच्या कॉम्प्युटर रूमचे देवच झाले. माहिती साठवलेल्या टेपा आपोआप काढून लावणारं नवं कपाट टेपेवरचे बारकोडचे काळे पट्टे वाचायचं. पट्टे वाचता आले नाहीत, की टेप कोरी समजून तिच्यावर नवं लिहायचं. हा अतिशहाणा नियम साहेबांचाच. मी नुसती जवळ गेले तरी खेकसायचे, "हात नको लावू वं प्रेमिला, पट्ट्याले डाग लागते!"

खंडेनवमीला याच साहेबांनी कपाटापुढे नारळ फोडला आणि एकेका टेपेला ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली. बरोबर पट्ट्यांवर. मी म्हटलं, "साहेब, पट्टे..." तर डोळे वटारून म्हणाले, "पूजेत टोकून नाही राहायचं!"

दसऱ्याची सुट्टी संपवून आलो, तोवर कपाटाने नियम पाळला होता. अख्ख्या विदर्भातल्या विहिरींच्या पाण्याची वर्षानुवर्षांची मोजणी पुसली गेली होती.

साहेबांनी ताबडतोब सगळ्यांना उभं करून चौकशी सुरू केली.



"नारळ कोणं आणला होता गा? सडका निघाला, तवाच मले शंका आली होती!"